टोहात्सू 6 एचपी आउटबोर्ड : कॅटलॉगमधले वजन आणि होडीवर येणारे वजन

कर्ली खाडीत वापरण्यासाठी आमच्या बारा फुटी फायबरच्या होडीला गेल्या हंगामात टोहात्सूचे 6 एचपीचे, आखूड शाफ्टचे, फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीवर बाहेरून लावायचे इंजिन, बसवले. चालण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दोरी दोन-तीनदा ओढली की ते सुरू होते, पुढचा, मागचा आणि न्यूट्रल असे तिन्ही गिअर नीट पडतात आणि सुकतीच्या (ओहोटीच्या) ओढीविरुद्धही ते दोन माणसांना निवांत घेऊन जाते. लिहायचे आहे ते त्याच्या वजनाविषयी, कारण खरेदीपूर्वी मी नेमका तिथेच चुकलो होतो.

विक्रेत्याने “वीसेक किलो असेल, एका हाताने उचलाल” असे सांगितले आणि मलाही ते पटले, कारण याच कंपनीचे साडेतीन एचपीचे यंत्र साधारण 18 किलोचे असते. मात्र आउटबोर्डचे वजन अश्वशक्तीबरोबर हळूहळू वाढत नाही, ते पायऱ्यापायऱ्यांनी वाढते. टोहात्सूची अडीच आणि साडेतीन एचपीची यंत्रे सुमारे 86 सीसीच्या (सीसी म्हणजे सिलिंडरचे आकारमान) एकाच इंजिन-ठोकळ्यावर बांधलेली आहेत, 4, 5 आणि 6 एचपीची 123 सीसीच्या एका सिलिंडरवर, तर 8 आणि 9.8 एचपीची 209 सीसीच्या दोन सिलिंडरांवर, आणि त्यानुसार वजनेही ढोबळमानाने 18, 26 आणि 37 किलो अशी पडतात. म्हणजे अंदाज बांधताना एचपी बाजूला ठेवून सीसी आणि सिलिंडरांची संख्या पाहावी. चार एचपी घेऊन वजन वाचवू, हा माझा पहिला बेतही त्यामुळेच बाद झाला आणि उचलायचे तेवढेच आहे तर सहाच घ्यावे, असे ठरले. जुन्या टू-स्ट्रोक यंत्रांना मात्र हा हिशोब लावू नये. व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट आणि तेलाची टाकी नसल्यामुळे त्यांतले 9.8 एचपीचे यंत्रही 26 किलोंच्या आसपास भरत असे, आणि किनाऱ्यावरच्या जाणत्या माणसांचे अंदाज बहुधा त्याच यंत्रांवर बसलेले असतात.

कॅटलॉगमधला आकडा कोरड्या यंत्राचा असतो. मी घरी वजन केले ते तेल आणि पेट्रोल भरून, साध्या बाथरूमच्या काट्यावर. यंत्र आडवे ठेवून डोक्याची बाजू काट्यावर आणि पंख्याकडचे टोक तेवढ्याच उंचीच्या विटेवर टेकवले, मग काटा आणि वीट यांची अदलाबदल केली. डोक्याखाली 20.8 आणि पंख्याकडे 6.6, अशी बेरीज 27.4 किलो आली. जवळपास अर्धा लिटर तेल आणि अंगच्या टाकीतले सव्वा लिटरच्या आतबाहेरचे पेट्रोल धरले, तर कॅटलॉगमधल्या 26 किलोंशी पडणारा हा फरक चोख जुळतो, कारण पेट्रोल लिटरमागे साधारण पाऊण किलो भरते. आडवे ठेवताना कोणती बाजू खाली घ्यायची ते पुस्तिकेत पाहावे. चुकीच्या कुशीवर ठेवल्यास फोर-स्ट्रोकचे तेल सिलिंडरमध्ये उतरते, आणि मग सकाळ प्लग पुसण्यात जाते.

या दोन आकड्यांतून आणखी एक गोष्ट कळते. तीन चतुर्थांश भार डोक्याकडे आहे, त्यामुळे हे यंत्र हातात एकूण वजनापेक्षा अवघड वाटते. मूठ धरून ते समतोल लटकत असले, तरी गुडघाभर पाण्यात उभे राहून मागच्या फळीवर चढवताना डोके बाहेरच्या बाजूला झुकते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने हे काम एकट्याने करू नये, निदान मी तरी आता करत नाही.

होडीच्या दृष्टीने हिशोब याहून मोठा होतो. लांबच्या फेरीसाठी 12 लिटरची वेगळी टाकी घेतली, तर त्यात 9 किलो पेट्रोल, वर रिकामी टाकी आणि नळी यांचे दोन-तीन किलो, असे मिळून मागच्या टोकाला चाळीसेक किलो होतात. त्याच टोकाला सुकाणू धरून माणूसही बसणार असतो. पहिल्या फेरीत आमची होडी नाळ, म्हणजे पुढचे टोक, आभाळाकडे करून चालत होती आणि समोरची वाळूची पट्टी मला उभे राहून पाहावी लागली.

यंत्राला माझ्याकडून पाचपैकी चार गुण. आठ-नऊ फुटांची डिंगी असेल किंवा यंत्र रोज घरी न्यायचे असेल, तर मात्र साडेतीन एचपीवाले घ्यावे. ते आठ किलोंनी हलके आहे, आणि चढणीच्या पाखाडीवर हे आठ किलो चांगलेच जाणवतात. आमचे यंत्र आता हंगामभर फळीवरच राहते, टाकी मधल्या बाकाखाली सरकवली आहे आणि जोडीला येणाऱ्याला नाळेकडे बसवतो.