वाघ, नाटक की फुफाटा: खिशातला कॅमेरा निवडताना

आमचं गाव चिमूर तालुक्यात, कोलारा गेटच्या वाटेवर. ताडोब्याच्या सफारीत मोबाईल वापरायला बंदी आहे, त्यामुळे "सर, खिशात मावेल असा कॅमेरा कोणता घ्यावा?" हा प्रश्न मला वर्षभर ऐकू येतो. गेल्या महिन्यात शेजारच्या ताईने विचारला. तिला नोकरी लागली आहे, साठवलेल्या पैशातून आई-बाबांना ताडोबा, लोणार आणि मार्कंडा दाखवायचं आहे. तिच्याशी दोन संध्याकाळी जे बोलणं झालं, ते इथे लिहितो.

लख्ख उजेडात समोर उभ्या असलेल्या माणसांचा फोटो काढायचा असेल तर हातातला फोन पुरतो. त्यासाठी कॅमेरा घेऊ नका. पैसे वसूल होतात ते लांबच्या फोटोत, अंधारातल्या फोटोत आणि फोन बाहेर काढवत नाही अशा पाण्या-धुळीत. या तिन्हींत सारखाच चांगला असा छोटा कॅमेरा मला अजून दिसलेला नाही, म्हणून आपलं फिरणं कुठलं हे आधी ठरवावं लागतं.

दुकानात पहिला आकडा कानावर पडतो तो झूमचा. कॅननचा पॉवरशॉट एसएक्स७४० एचएस हा ४० पट झूमचा, म्हणजे २४ ते ९६० मिमी (मिमीचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं; लहान आकड्याला रुंद दृश्य मावतं). त्याच्या शेजारी सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ ठेवला तर तो २४ ते २०० मिमीवरच थांबतो आणि किंमत मात्र कितीतरी जास्त. वजन दोघांचं सारखंच, ३०० ग्रॅमच्या आसपास. ताईने सरळ विचारलं, "मग सोनी कशाला?"

हिशेब करून पाहू. वाघ ५० मीटरवर आहे असं धरा. २०० मिमीवर फोटोच्या चौकटीत ९ मीटर रुंदीची जागा येते, ९६० मिमीवर जेमतेम १.९ मीटर. म्हणजे सोनीत वाघ चौकटीच्या चौथ्या हिश्शाहून थोडा कमी, आणि कॅननमध्ये चौकट भरून, शेपूट बाहेर. कागदावर कॅनन जिंकला.

पण वाघ दिसतो तो बहुधा सकाळच्या पहिल्या तासात किंवा दिवस बुडताना, बांबूच्या सावलीत. पागोळीखाली वाटी ठेवली आणि परात ठेवली तर पाणी कशात जास्त जमेल? सेन्सरचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पाटीचं, तसंच आहे. सोनीचा एक इंची सेन्सर एसएक्स७४०च्या सेन्सरपेक्षा क्षेत्रफळाने चौपट मोठा. शिवाय पूर्ण झूमवर सोनीची लेन्स एफ/४.५ इतकी उघडते, कॅननची एफ/६.९ (हा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी). दोन्ही मिळून तेवढ्याच वेळात सोनी नऊ-दहा पट प्रकाश गोळा करतो. जिप्सीचं इंजिन थरथरत असतं, वाघ चालत असतो, त्यामुळे शटर सावकाश ठेवून भागत नाही. मग कॅनन आयएसओ, म्हणजे मिळालेला थोडा प्रकाश ताणून उजळ दाखवण्याचा आकडा, वाढवतो आणि पट्टे दाणेदार होऊन एकमेकांत मिसळतात. सोनीच्या फोटोत वाघ लहान असला तरी २० मेगापिक्सेलच्या चौकटीत त्याला बाराशे पिक्सेलची रुंदी मिळते. कापून पोस्टकार्डाएवढा छापला तर मिशा दिसतात.

एप्रिल-मे मध्ये आणखी एक अडचण येते. दुपारी जमिनीवरून वाफा उठल्यासारखी हवा हलते आणि ९६० मिमीवर ती हलणारी हवाच फोटोत येते. त्याला कोणताही कॅमेरा काही करू शकत नाही.

म्हणून झूम वाया गेला असं समजू नका. गोंदियाकडे हिवाळ्यात सारस बघायला जाणार असाल तर मी स्वतः एसएक्स७४०च घ्यायला सांगेन. जोडी धानाच्या बांधीत दीडशे मीटरवर उभी असते, जवळ जायचं नसतं, ऊन कोवळं पण पुरेसं असतं आणि पक्षी बराच वेळ स्थिर राहतो. तिथे २०० मिमीत सारस म्हणजे शेतातली काडी. या कॅमेऱ्यात रॉ फाईल (नंतर सुधारता येणारी कच्ची फाईल) मिळत नाही आणि डोळा लावून बघायची खिडकी नाही, ही उणीव मात्र उन्हात जाणवते. सोनीत ती खिडकी वर उचलून निघते. आपल्याकडच्या उन्हात मागच्या स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिसतो, तेव्हा तिची किंमत कळते.

लोणारला लांबचं काही नाही, तिथे रुंद लागतं. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, तळ्याचा सुमारे १.२. काठावर उभं राहून अख्खं तळं एका फोटोत घ्यायचं तर ८०हून जास्त अंशांचा कोन हवा. २४ मिमीची लेन्स ७४ अंश देते, म्हणजे कडा थोडक्यात सुटतात. दोन फोटो घेऊन जोडा. रिकोचा जीआर ३ अनेकांना आवडतो, त्याचा सेन्सर या सगळ्यांत मोठा, पण लेन्स २८ मिमीची एकच, ६५ अंशांची, आणि झूम अजिबात नाही. घरच्यांसोबतच्या सहलीला एकुलता एक कॅमेरा म्हणून तो मी सुचवणार नाही. मार्कंड्याला वैनगंगेच्या काठच्या त्या देवळांवर वरपर्यंत कोरीव मूर्ती आहेत. तिथे २०० मिमी मनासारखं कामी येतं.

आता धूळ. याकडे शहरातले आढावे लक्षच देत नाहीत. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स दुर्बिणीसारखी आत-बाहेर होते आणि प्रत्येक वेळी हवा आत ओढते. मेच्या फुफाट्यात दोन सफाऱ्या झाल्या आणि माझ्या आधीच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर डाग बसला. आभाळाच्या प्रत्येक फोटोत उजवीकडे तोच काळा ठिपका. लेन्स निघत नाही, त्यामुळे घरी पुसता येत नाही. नागपूरला उघडायला दिला, तीन आठवडे गेले आणि खर्च ऐकून मी तो तसाच परत आणला. सोनी असो वा कॅनन, गाडी चालू असताना लेन्स आत ठेवा आणि कॅमेरा दुपट्ट्यात गुंडाळा. उन्हातल्या गाडीत तर ठेवूच नका. यांच्या पुस्तिकांत ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं आणि चंद्रपूरचा पारा त्याच्या कितीतरी वर जातो.

याला उत्तर म्हणजे ओएम सिस्टिमचा टीजी-७. त्याची लेन्स बाहेर येतच नाही, धूळ आत जात नाही, १५ मीटर पाण्यात चालतो, २.१ मीटरवरून पडला तरी टिकावा असा बनवलेला. चिखलदऱ्याला पावसाळ्यात ढगात उभं राहायचं असेल, सोबत लेकरं असतील, तर हाच. एक सेंटिमीटरवरून फोटो काढतो, त्यामुळे कपाशीच्या बोंडातली गुलाबी अळी कृषी सहायकाला स्पष्ट दाखवता येते. शेतकऱ्याच्या घरात ही गोष्ट मला मोठी वाटते. पण सेन्सर एसएक्स७४०एवढाच लहान, मेगापिक्सेल १२ आणि झूम २५ ते १००. यात वाघ म्हणजे पिवळा ठिपका. बॅटरीच्या झाकणाच्या रबरावर मातीचा कण राहिला तर पाणी आत जातं, तेवढं रोज पुसावं लागतं.

राहिला कॅननचा जी७ एक्स मार्क ३. सेन्सर सोनीइतकाच, लेन्स २४ ते १०० मिमी, एफ/१.८ ते २.८. जंगलासाठी झूम तोकडा. पण सोनीची लेन्स सुरुवातच एफ/२.८ला करते, त्यामुळे कमी उजेडात हा दुपटीहून जास्त प्रकाश घेतो. दिव्याखालचं लग्न, गाभारा, रात्रीचा रंगमंच यांसाठी रिको सोडून उरलेल्या चौघांत हाच पहिला. बॅटरी मात्र या चौघांत सगळ्यांत कमी, कंपनीच्याच मोजणीत २३५ फोटो, सोनीत २६०. शिवाय साध्या पॉवर बँकेवर हा चार्ज होत नाही, पीडी (पॉवर डिलिव्हरी) लिहिलेलीच लागते. सोनी कुठल्याही पॉवर बँकेवर चालतो.

ताईला मी सोनी सांगितला होता, तीन ठिकाणं एकाच कॅमेऱ्यात बसतात म्हणून. तिने जी७ एक्स घेतला. तिचे बाबा झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतात, आणि इतक्या वर्षांत स्टेजच्या कडेला बसलेल्या त्यांचा एकही स्पष्ट फोटो घरात नाही, हे तिने शेवटी सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मीही तोच सांगितला असता. दोन जादा बॅटऱ्या मात्र घ्यायला लावल्या, कारण नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं.