नोकरी सांभाळून एम. ए.: इग्नूच्या दूरशिक्षणाचा अनुभव

पदवी पुण्यात नियमित वर्गात बसून मिळवली आणि पुढे नोकरी सांभाळत इतिहासाचे एम. ए. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून, म्हणजे १९८५ साली स्थापन झालेल्या इग्नूतून केले, त्यामुळे दोन्ही पद्धती मी जवळून पाहिल्या आहेत. अभ्यासपुस्तिका ही इथली खरी जमेची बाजू: घटकाच्या मध्येच प्रश्न येतात, उत्तरासाठी मोकळ्या ओळी सोडलेल्या असतात, आणि रात्री अकराला ओट्यापाशी बसून वाचतानाही कोणीतरी थांबवून ‘काय समजले?’ असे विचारत असल्याचा भास होतो. स्वाध्यायांना ३० टक्के, सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भार असतो. दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत लांबवता येतो. बदलीच्या वर्षी मला याच सवलतीने तारले.

उणीव भासली ती माणसांची. तास संपल्यावर जिन्यात सरांना गाठून विचारलेली अर्धवट शंका आणि त्यावर कँटीनमध्ये चहा गार होईपर्यंत चाललेला वाद पुस्तिकेत कुठून येणार? (हस्ताक्षर मात्र सुधारले, स्वाध्याय हातानेच लिहावे लागत.) मान्यतेची धास्ती बाळगू नये, कारण मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही बारावी झालेल्या माझ्या भाचीला मी कॉलेजचाच अर्ज भरायला लावला.