जिओजेब्रा: बारावीच्या गणितासाठी मी हेच सुचवते

सांगलीत अकरावी-बारावी सायन्सला गणित शिकवते, त्यामुळे ‘मॅडम, गणितासाठी कुठलं अ‍ॅप घेऊन देऊ?’ हा प्रश्न पालकांकडून सारखा येतो. फोटो काढला की सगळं सोडवून देणारी अ‍ॅप्स त्यांनी ऐकलेली असतात. मी जिओजेब्रा सांगते, म्हणजे समीकरण टाकलं की त्याचा आलेख काढून दाखवणारं अ‍ॅप. विद्यार्थ्यांना ते फुकट आहे आणि फोनवर टाकून ठेवलं की नेट नसतानाही चालतं.

वाय² = ४एक्स हा पॅराबोला आणि वाय = एक्स ही रेषा यांच्यामधलं क्षेत्रफळ काढा, हा डेफिनेट इंटिग्रेशनमधला ठरलेला प्रश्न. उत्तर ८/३. मुलं सूत्र लावून मोकळी होतात, पण लिमिट ४ लाच का थांबते आणि वजाबाकीत आधी कोण, असं विचारलं की वर्ग गप्प. जिओजेब्रात पॅराबोलाची वरची फांदी आणि रेषा टाकायची, ‘इंटिग्रल बिटवीन’ ही कमांड द्यायची आणि वरच्या लिमिटला स्लायडर लावायचा. मधला भाग रंगत जातो. स्लायडर ४ वर आला की आकडा २.६७. त्यापुढे रेषा पॅराबोलाच्या वर चढते आणि आकडा उतरू लागतो. ७.११ च्या आसपास शून्य, ९ ला चक्क उणे ४.५! ‘मॅडम, क्षेत्रफळ निगेटिव्ह कसं?’ हे मग मुलंच विचारतात. तो प्रश्न त्यांच्या तोंडून यावा म्हणून तर हा सगळा खटाटोप.

क्वाड्रॅटिकलाही असंच. एक्स² − ६एक्स + के मध्ये के वाढवत न्या. ९ ला आलेख अक्षाला नुसता टेकतो, पुढे सुटून वर जातो. १० ला ‘सी-सॉल्व्ह’ (कॉम्प्लेक्स मुळं काढणारी) कमांड दिली की ३ ± आय मिळतं. डिस्क्रिमिनंट पाठ करून घेण्यापेक्षा हे किती सरळ!

ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये मास्टर्सच्या प्रबंधासाठी याची सुरुवात केली. आकृती आणि समीकरण एकाच पडद्यावर, एक हललं की दुसरंही हलणार, ही त्यातली कल्पना मला आजही सगळ्यात मोलाची वाटते.

स्टेप्ससाठी मात्र याच्यावर विसंबू नका. कॅसमध्ये (अक्षरांची बीजगणितं सोडवणारा त्यातला भाग) इंटिग्रल टाकलं की थेट उत्तर येतं. सबस्टिट्यूशन घेतलं की बाय पार्ट्स, ते दिसत नाही. बोर्डाच्या ८० मार्कांच्या पेपरला लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर नाही, आणि मार्क मिळतात ते स्टेप्सना. तेव्हा गणित आधी वहीत, नंतर इथे पडताळा. छोट्या फोनवर कंस आणि वर्गमूळ टाइप करणं जिकिरीचं होतं, घरात लॅपटॉप असेल तर तोच वापरा.

प्ले स्टोअरवर जिओजेब्राची बरीच अ‍ॅप्स दिसतील. त्यातलं ‘कॅल्क्युलेटर स्वीट’ घ्या. ग्राफ, कॅस आणि थ्रीडी एकत्र मिळतं, आणि लाइन अँड प्लेनच्या धड्याला ते थ्रीडी लागणारच आहे.