डोंबिवलीच्या खोलीतला स्टुडिओ: पाचपैकी चार तारे

मी तबला वाजवतो, शिकवतो आणि बाहेरगावच्या गायकांना घरूनच ट्रॅक रेकॉर्ड करून पाठवतो. घर डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर, रुळांना लागून. त्यामुळे शेवटची लोकल गेली की पहिली सुटेपर्यंत, एवढाच काय तो माझा रेकॉर्डिंगचा वेळ. त्या वेळी वाजवलं की खालच्या काकूंचा फोन. शेवटी मागची १२ बाय १० फुटांची खोली या साउंडप्रूफिंगवाल्यांच्या ताब्यात दिली.

खरं तर फोम चिकटवून घ्यायचा म्हणूनच बोलावलं होतं. (अंड्यांचे ट्रे लावा म्हणणारे दोन विद्यार्थी माझ्याकडे अजूनही आहेत.) आलेल्या मुलाने मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली, भिंतीवर टकटक केली आणि म्हणाला, "सर, फोमने खोलीतला घुमारा कमी होईल. लोकल नाही थांबणार." बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं, फटी बुजवाव्या लागतात आणि ते वजन जुन्या भिंतीला टेकू द्यायचं नसतं, हे त्याने न कंटाळता समजावलं. तिथेच काम देऊन टाकलं.

जुन्या भिंतींपासून सुटी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची) फ्रेम उभी केली. तिच्यात ४८ डेन्सिटीचं (घनमीटरला ४८ किलो) ५० मिमी रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची गादी, वर साडेबारा मिमी जिप्सम बोर्डाचे दोन थर, तेही सांध्यावर सांधा येऊ न देता. खाली रबरी पॅड आणि त्यावर प्लाय. खिडकीला दोन काचा, एक ६ मिमीची, दुसरी १० ची. दोन्ही सारख्या असल्या तर एकाच सुराला दोघी मिळून थरथरतात म्हणे. मधल्या पोकळीत सिलिका जेलच्या पुड्या. जुलैत आमच्या कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी धरते, पण त्या काचांमध्ये अजून दव नाही.

खोली ११ बाय ९ ची उरली. सव्वाचार लाख सांगितले होते, पावणेपाच झाले. सोसायटीची परवानगी माझी मीच काढली.

पहिल्या दिवशी चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, बोट मारलं, तर पुठ्ठ्यावर मारल्यासारखं वाटलं! चारही भिंतींना आवाज शोषणारी पॅनेल ठोकली होती. उलट डग्ग्यावर घिस्सा घेताना (तळहात घासत सूर वळवताना) मधेच एक सूर भसकन फुगायचा. मी फोनवर जरा जास्तच बोललो. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा मापायचा माइक घेऊन हजर. ११ फुटांच्या लांबीत साधारण ५१ हर्ट्झला खोली घुमते आणि त्याच्या दुपटीला, म्हणजे १०२ ला, पुन्हा. मी बसत होतो बरोबर मध्यावर, जिथे हा १०२ सगळ्यात जोरात ऐकू येतो. त्याने बैठक पुढच्या भिंतीपासून सव्वाचार फुटांवर आणली, कोपऱ्यांत छतापर्यंत खालचे सूर शोषणारे जाड ट्रॅप भरले आणि मागच्या भिंतीवरची निम्मी पॅनेल उतरवून सागाच्या पट्ट्या मारल्या. चाट परत बोलायला लागली. या कामाचा एक रुपया घेतला नाही, म्हणून चार तारे.

पाचवा का नाही? खोली इतकी घट्ट बंद केली, पण ताजी हवा आत कुठून येणार हे ड्रॉइंगमध्ये नव्हतंच. दोन तासांच्या क्लासनंतर पोरं जांभया द्यायला लागली, तेव्हा आमच्या लक्षात आलं. मग आतून फोम लावलेली, वळणावळणाची हवेची पेटी बसवली. तिचे निम्मे पैसे माझे. एसीला डक्ट करायला मीच नको म्हटलं होतं, त्यामुळे टेक घेताना एसी बंद करावा लागतो आणि मे महिन्यात तिसऱ्या टेकला तबल्याची शाईसुद्धा (मधला काळा गोल) घामाने भिजते. ती चूक माझी.

भरदुपारी फास्ट लोकल धडधडत जाते तेव्हा आता हेडफोनमध्ये काही येत नाही. खाली मात्र डग्गा अजून थोडा पोचतो. काकू म्हणतात, "लांब कुठेतरी गणपती चाललेत असं वाटतं." पण आता फोन करत नाहीत.

दाराखालची रबरी पट्टी महिन्याभरात सैल झाली. माणूस रविवारी येतो म्हणालाय. कुठल्या, ते विचारायचं राहिलं.