ओबर्लिन कॉलेजात चित्रकला शिकायची असेल तर

चित्रकलेचं शिक्षण म्हटलं की आपल्याकडे मुंबईचं जे.जे. नाहीतर पुण्याचं अभिनव, दोनच नावं निघतात. मी शिकले अमेरिकेत, ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात. इथे बी.ए.ची पदवी मिळते. चित्र काढणं आणि कलेचा इतिहास दोन्ही शिकता येतं, आणि हवं तर जोडीला भूगर्भशास्त्रसुद्धा घ्या. ज्याला दिवसभर फक्त ब्रशच हातात हवा, त्याने सरळ आर्ट स्कूल गाठावं. इथे स्टुडिओतून हात धुऊन आलं की निबंध लिहायला बसायचं असतं.

मला हे का आवडलं, तर कॉलेजच्या स्वतःच्या संग्रहालयामुळे. अ‍ॅलन मेमोरियल आर्ट म्युझियम, १९१७ सालची इमारत, प्रवेश मोफत. जर्मन चित्रकार किर्शनरचं १९१५ सालचं सैनिकाच्या वेशातलं आत्मचित्र तिथे आहे. अंगात गणवेश, ओठांत सिगारेट, डोळ्यांत बुबुळं नाहीत आणि उजवा हात मनगटापाशी तुटलेला. प्रत्यक्षात त्याचा हात शाबूत होता. सैन्यात मन खचलं, तेव्हा आपला चित्र काढणारा हातच गेला असं त्याने रंगवलं. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेसाठी मी हात घोटून घोटून काढले होते, प्रमाण अगदी चोख. या चित्रासमोर उभी राहिले आणि स्टुडिओत परत येऊन काढलेला हात पहिल्यांदा कुणाचा तरी हात वाटला. इतिहासाचा तास आणि चित्राचा तास असे एकमेकांच्या उपयोगी पडतात.

आणि आर्ट रेंटल! एलन जॉन्सन या कला-इतिहासाच्या प्राध्यापिकेने १९४० मध्ये ही योजना सुरू केली. संग्रहातली मूळ चित्रं विद्यार्थ्यांना सत्रभर भाड्याने मिळतात, आमच्या वेळी एका चित्राचे पाच डॉलर. पिकासोसुद्धा त्यात असतो, म्हणून पोरं आदल्या रात्रीपासून स्लीपिंग बॅग घेऊन रांगेत. माझ्या वाट्याला आलेलं लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र, मी टेबलासमोर टांगलं होतं. सकाळच्या उन्हात त्यातला काळा वेगळा, रात्री दिव्याखाली वेगळा. छपाईच्या वर्गात शाई लावताना हे सतत डोक्यात असायचं. गावातल्या लोकांनाही चित्रं नेता येतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

संग्रहालयाबाहेर शिल्पकार ओल्डेनबर्गचं अवाढव्य शिल्प, विजेचा थ्री-वे प्लग, अर्धा जमिनीत रुतलेला आहे, तोही बघा. जानेवारीत विंटर टर्म असते; आपला विषय आपणच ठरवायचा. थंडी मात्र कडाक्याची, चांगला कोट घ्याच.

फी मध्यमवर्गीय घराला झेपणारी नाही. परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदतीचा अर्ज प्रवेशाच्या अर्जासोबतच करावा, नंतर बघू म्हणू नये.