हाडांचं इंजेक्शन आणि हार्मोनची गोळी: दोन वर्षं वापरून माझा रिव्ह्यू

लोक मिक्सरचे रिव्ह्यू लिहितात, मी गोळ्यांचा लिहितेय. आधीच सांगते मी डॉक्टर बिक्टर नाही, गुहागर तालुक्यातली बाई आहे, वय ६१, ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन २०२३ ला मुंबईत झालं, केमो झाली, रेडिएशन झालं आणि जानेवारी २०२४ पासून लेट्रोझोल अडीच मिलीग्रॅम रोज एक, निदान पाच वर्षं. सगळे म्हणाले सुटलीस गो, आता काय गोळीच तर आहे. हो, गोळीच आहे. केस गेले तेव्हा येणारा-जाणारा विचारत होता, बोटं आखडली तर कोण्णी विचारत नाही.

गोळी करते काय तर पाळी गेल्यावरही अंगात थोडं इस्ट्रोजेन बनत असतं, चरबीत वगैरे, ते बनणंच ती बंद करते. माझी गाठ त्या हार्मोनवर पोसलेली होती. पण हाडंही त्याच्यावरच जगतात ना. म्हणजे आगरात पाटाचं पाणी तोडलंत की तण मरतं हे खरं, पण सुपारीपण सुकायला लागते, तसं. त्यासाठी हाडांचं इंजेक्शन, म्हणून या दोघांचा रिव्ह्यू एकत्रच करावा लागतो.

पहिले तीन महिने काही नाही. मग सकाळी उठल्यावर गुडघे आणि बोटं अशी धरायची की विळीवर बसलं तर उठताना ह्यांना हाक मारावी लागे. अंगातून वाफा यायच्या त्या वेगळ्याच, मे महिन्यात तर कळायचंच नाही गोळीची वाफ कुठली आणि आमच्याकडची कुठली. आणि मधलं बोट, त्याचं तर काय सांगू. २०२४ च्या गणपतीत मोदक करायला बसले, उकड छान झालेली, पारी केली, सारण भरलं आणि कळ्या काढायला गेले तर मधलं बोट वाकलं ते वाकलेलंच. दुसऱ्या हाताने सरळ केलं तर टक्क करून सुटलं. परत कळी, परत अडकलं. एकवीसातले नऊ कसेबसे केले, बाकीचे सुनेने केले, ती म्हणाली आई राहू दे तुम्ही, मी ओट्याकडे तोंड करून रडले. चाळीस वर्षं करतेय मी मोदक. नंतर कळलं की या गोळ्यांनी बोट असं अडकतं बऱ्याच जणींचं.

मग मी शहाणपणा केला. गौरी गेल्यावर कोणाला न सांगता गोळी बंद. वीस दिवसांत बोटं मोकळी व्हायला लागली, इतकं बरं वाटलं की भीतीच वाटली. मुंबईच्या चेकअपला कबूल केलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, म्हणाल्या काकी, गुपचूप थांबवू नका, आम्हाला सांगा, दुसरी गोळी आहे की. टॅमोक्सिफेन हा एक पर्याय होता, ती पाळी गेलेल्या बायकांची हाडं झिजवत नाही उलट थोडी सांभाळतेच, पण तिने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात आणि माझ्या पायात धाकट्या बाळंतपणात गुठळी झाली होती, त्यामुळे ती बाद. मग एक्झेमेस्टेन २५ मिलीग्रॅम, जेवल्यावर. काम तेच, पण एकीने दुखतं तर दुसरीने कमी दुखतं असं काहींचं होतं. माझं निम्म्याने कमी झालं. वाफा तेवढ्याच. लेट्रोझोलला दोन स्टार, हिला साडेतीन.

आता इंजेक्शन. दोन पर्याय दिले होते. एक डेनोसुमॅब, पोटावर टोचायचं, मिनिटाचं काम, ताप बिप सहसा नाही. दुसरं झोलेड्रॉनिक ॲसिड ४ मिलीग्रॅम, सलाईनमधून, कमीत कमी पंधरा मिनिटं. दोन्ही सहा महिन्यांनी. कोणीही पहिलंच घेईल. पण मी विचारलं की चुकलं तर? तर म्हणाल्या डेनोसुमॅब लांबवायचं नाही, औषध उतरलं की हाडं झपाट्याने झिजतात आणि मणके मोडू शकतात, बंद करायचं तरी मागोमाग दुसरं औषध द्यावं लागतं. झोलेड्रॉनिक हाडात वर्षानुवर्षं राहतं, महिना इकडे तिकडे झाला तरी एवढं बिघडत नाही. झालं, माझं तिथेच ठरलं. जुलै २०२१ ला चिपळूणात पाणी भरलं तेव्हा आम्ही घरात अडकलेलो, परशुराम घाटात दरड आली की रस्ता बंद, कोकण रेल्वे पावसात कधी थांबेल नेम नाही, आणि मी तारखेचं वचन कोणाच्या जिवावर देऊ? मुंबईत दवाखान्याच्या शेजारी राहणारीने डेनोसुमॅब घ्यावं, किडनी कमजोर असेल तर डॉक्टरही बहुतेक तेच सांगतील. चौथ्या वेळी माझ्या शेजारच्या कॉटवर एक वहिनी होत्या, त्यांनी ते आपलं आपणच बंद केलेलं आणि वर्षाच्या आत दोन मणके बसले.

आणि झोलेड्रॉनिकचा अजून एक फायदा, पाळी गेलेल्या बायकांत कॅन्सर हाडात परत यायचं प्रमाण थोडं कमी होतं. २०१५ ला अठरा हजारांवर बायकांच्या ट्रायल एकत्र करून या जातीच्या औषधांचं बघितलं होतं, दहा वर्षांत शंभरातल्या साधारण ९ जणींऐवजी ७ जणींना. दोनच, पण त्या दोघींत आपण असू शकतो.

ज्या हॉस्पिटलात इंजेक्शन घेते (नाव लिहीत नाही, मुंबईपेक्षा जवळ आहे एवढंच) त्यांना दोनच स्टार. पहिल्या दिवशी सलाईन लावायला तयार, दातांचं कोणी विचारलंच नाही! मुंबईहून सांगून ठेवलं होतं म्हणून मीच म्हटलं, माझी दाढ हलतेय. तर सिस्टर म्हणते त्याचा काय संबंध. संबंध असा की हे औषध चालू असताना दाढ काढली तर क्वचित जबड्याचं हाड भरूनच येत नाही, उघडं पडतं. आधी दाढ काढली, जखम भरेपर्यंत थांबले, मार्च उजाडला. रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनी कशी चालतेय ते कळतं) आणि कॅल्शियम बघितल्याशिवायही लावून घेऊ नका. आणि सलाईनचा वेग वाढवायला लागले तर घड्याळ दाखवा, मी दाखवते.

पहिल्या वेळचा ताप लक्षात राहील असा होता. ऐन शिमगा, पालखी घरी यायची, ढोल वाडीच्या टोकाला ऐकू येतायत आणि मी १०२ तापात दोन गोधड्यांत, हाडन्‌हाड ठणकतंय. ओटी भरायला उठता आलं नाही. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, दोन दिवसांत साफ. दुसऱ्या वेळी नुसती कणकण, तिसऱ्या-चौथ्याला तेवढीही नाही.

डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ते बघतात त्यात, कंबरेचा आकडा उणे २.१ होता, परवा उणे १.९ आला. उणे २.५ च्या खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ झाली असं धरतात, म्हणजे मी काठावरून जरा आत आले. कॅल्शियम-डीच्या गोळ्या आहेतच, वर नाचणीची भाकरी (१०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं), तारली काट्यासकट चावून, आणि संध्याकाळी समुद्रावर पाऊण तास चालणं. चालून सांधे खरंच सुटतात, मला आधी पटलं नव्हतं, दुखतंय तर बसून राहावं असंच वाटतं. झोलेड्रॉनिकला चार स्टार, एक तापाचा कापला.

गेल्या गणपतीत सतरा मोदक केले. बोट दोनदा अडकलं.

पुढचं इंजेक्शन मार्चमध्ये आहे. तारीख द्यायला फोन आला तेव्हा सांगितलं, पालखी घरी येऊन गेली की दुसऱ्या दिवशीची द्या.