कूचबिहार ते तीन बिघा: गाडी आणि वाटाड्या कसा होता

भूमी अभिलेख खात्यात ३१ वर्षं भूकरमापक होतो. सातारा जिल्ह्यात वीतभर बांधावरून सख्ख्या भावांनी बोलणं टाकलेलं रोज पाहिलं. त्यामुळे भारत आणि बांगलादेशाने १६२ तुकड्यांची हद्द मिटवली ती जागा निवृत्तीनंतर बघायचीच होती. पश्चिम बंगालमधल्या कूचबिहारच्या आमच्या लॉजवाल्यांनीच गाडी आणि वाटाड्या ठरवून दिला. दिवसाचे ४,५०० रुपये, डिझेल धरून.

आधी तक्रार. दिनहाटाकडचं मशालडांगा आणि मेखलीगंजकडचं तीन बिघा, दोन्ही एकाच दिवसात दाखवतात. दोन्ही दोन दिशांना. अर्धा दिवस गाडीतच गेला आणि मशालडांग्यातून मला अक्षरशः उठवून आणलं. दोन दिवस मागून घ्या.

वाटाड्याला मात्र पैकीच्या पैकी. पंचविशीतला मुलगा, जवळच्याच गावचा, हिंदी स्वच्छ. एका देशाचा तुकडा चारी बाजूंनी दुसऱ्या देशात अडकलेला, त्याला तिकडे छिटमहल म्हणतात. भारताचे १११ तिकडे होते, बांगलादेशाचे ५१ इकडे. दहाला खागराबाडी नावाचा तुकडा तर भारताचं शेत बांगलादेशाच्या तुकड्यात, तो तुकडा भारताच्या तुकड्यात आणि तो परत बांगलादेशात, असा होता. त्याने काडीने मातीत एकात एक गोल काढून दाखवलं, तेव्हा डोक्यात बसलं. असा नकाशा माझ्या टेबलावर आला असता तर मी मोजणीच चुकली म्हणून परत पाठवला असता.

मशालडांगा म्हणजे भारतात अडकलेला बांगलादेशाचा तुकडा होता. तिथे त्याने एका आजोबांच्या अंगणात बसवलं. चहा आला, मुरमुरे आले. शाळेसाठी, दवाखान्यासाठी भारतातल्या कुणाचं तरी नाव बाप म्हणून लावायचे, हे आजोबांनी सांगितलं आणि मला पुढचा प्रश्न सुचेना. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री तुकड्यांची अदलाबदल झाली. फाळणीपासूनच्या ६८ वर्षांच्या ६८ मेणबत्त्या गावाने पेटवल्या. करार १९७४ चा, इंदिरा गांधी आणि मुजीबुर रहमान यांचा. घटनेत शंभरावी दुरुस्ती होऊन तो पुरा व्हायला ४१ वर्षं लागली. भारताने १७,१६० एकर दिले, ७,११० एकर घेतले. खातेफोडीत दहा गुंठे कमी आले तरी माणूस अपिलात जातो. इथे दहा हजार एकर सोडले आणि हजारो माणसांना देश मिळाला. मला हा व्यवहार पूर्ण पटतो.

माझ्या धंद्याचा प्रश्न मी विचारलाच: जमिनीचा कागद? आपल्या सातबाऱ्यासारखं त्यांचं खतियान. आजोबा म्हणाले, देश आधी मिळाला, कागद मागाहून. जमिनीच्या हक्कासाठी पश्चिम बंगालला २०१८ साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली. नकाशावर रेघ सरकली की काम संपत नाही. गावोगाव साखळी टाकावी लागते, नावं चढवावी लागतात. त्या कामात असलेलं गावातलं कुणी भेटवलं असतं तर अजून बरं झालं असतं.

तीन बिघाला पोचेतो चार वाजले. दहग्राम-अंगरपोता हा भारतात अडकलेला तुकडा अदलाबदलीत न येता बांगलादेशाकडेच राहिला, म्हणून तिथल्या लोकांसाठी ही भारतातली वाट: १७८ मीटर बाय ८५, म्हणजे पावणेचार एकर. १९९२ ला उघडली तेव्हा ठरावीक तासच, २०११ पासून चोवीस तास. मधोमध चौक आहे. आपली गाडी एका रस्त्याने, त्यांच्या सायकली आडव्या रस्त्याने, मध्ये सीमा सुरक्षा दलाचे जवान. एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन त्या देशातून त्याच देशात गेली. मी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो.

ओळखपत्र जवळ ठेवा, फोटो जवानांना विचारूनच काढा. जेवणाची सोय वाटेत यथातथा, डबा न्या. मशालडांग्याला जाताना मुलांसाठी वह्या नेल्यात तर चालतील, पण आजोबांनी पैसे घेतले नाहीत, देऊही नका. मी पुढच्या थंडीत पुन्हा जाणार आहे, याच मुलाला घेऊन, दोन दिवसांसाठी.